कडेची काळी पट्टी

"कापणार नाही म्हटलं ना एकदा. तू रड, पाय आपट, नवऱ्याला फोन लाव. ह्या फिल्मला ब्लेड लागणार नाही."

"मग मी क्लबवाल्यांना कळवते. रविवारचा शो रद्द."

गंधालीनं रिळाचा डबा काखेत दाबून धरला होता. शाळेत असताना रुसली की दप्तर धरायची, तसा. आता चाळिशीची बाई झाली, केस रंगवते, पण रुसण्याची रीत तीच.

"कळव. फिल्म माझी आहे, तुझी नाही."

"आणि आवाज? आवाज माझ्या आईचा आहे."

"कसला आवाज? त्या फिल्मवर आवाज नाहीच."

"बघ," ती म्हणाली. "तूच म्हणतेस आवाज नाहीच. आणि तूच म्हणतेस तो कापू देणार नाही."

मी डब्याकडे हात नेला, ती मागं सरकली. 

आम्ही उभ्या होतो ते घर गंधालीच्या आईचं, राधाचं. मुलुंड पूर्वेला आमच्याच सोसायटीत, बी विंग, तिसरा मजला. राधा गणपतीनंतर गेली, तेव्हापासून घर बंद. बाहेर फाल्गुनातली रणरणती दुपार होती, पण ह्या आतल्या खोलीच्या खिडकीला मी काळं कापड लावलेलं, त्यामुळे एका टेबललॅम्पचा काय तो उजेड. आमच्या दोघींच्या मध्ये चौरंग. चौरंगावर राधाच्या जलतरंगाचे वाडगे, अर्धगोलात मांडलेले, पाण्यानं भरलेले.

ते पाणी गंधालीनं भरलं नव्हतं आणि मीही भरलं नव्हतं. त्याचं पुढं सांगते. आधी मी कोण ते ऐकून घ्या. म्हणजे म्हातारीचं डोकं फिरलंय असं म्हणायचंच असेल तर नीट माहिती घेऊन म्हणा.

मी द्रौपदी मेस्त्री. बाप गिरणीत, गाव मालवणाकडे, शाळा सातवीपर्यंत. लग्नानंतर अंधेरीला एका लॅबमध्ये कामाला लागले. तिथं सिनेमाची फिल्म धुऊन निघायची. ती पुसायची, तुटली की जोडायची, हे माझं काम. टाकाऊ काळी फिल्म पोत्यानं पडलेली असे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यातल्या एका पट्टीवर सेफ्टी पिननं ओरखडे काढले आणि मशीनवर चढवली. भिंतीवर एक पांढरी रेघ नाचायला लागली. काय नाचली. मी डबा तसाच ठेवला आणि बघत बसले. त्या दिवसापासून मी सिनेमे करते. कॅमेरा नाही, नट नाही, कुणी मरत नाही, कुणाचं लग्न होत नाही. काळ्यावर सुईनं खरडायचं, पारदर्शक पट्टीवर शाईनं रंगवायचं, एकेका चौकटीत, भिंगाखाली. मला कुणी शिकवलं नाही. पुढं कळलं की जगात आणखीही काही जणांनी हे केलंय. केलं असेल. मी त्यांना विचारायला गेले नव्हते.

लोक बघून झाल्यावर विचारतात, "पण ह्यात गोष्ट काय?" मी म्हणते, गाण्याला विचारता का गोष्ट?

गाणं राधाचं. ती शाळेत संगीत शिकवायची, पण तिचा जीव जलतरंगात. चिनी मातीचे वाडगे, त्यात कमीजास्त पाणी, बांबूच्या दोन बारीक काड्या. पाणी जास्त तर सूर खाली, पाणी कमी तर सूर वर. पूजेच्या पळीनं थेंब थेंब घालून ती सूर जुळवायची, आणि एकदा जुळला की घरात पंखा लावायची बंदी. पंख्यानं पाणी सुकतं, सूर चढतो. मे महिन्यात आम्ही दोघी घामानं निथळतोय आणि ही बया म्हणतेय, "पंखा नको गं, पंचम हलतो." आमची अर्धी भांडणं त्या पंख्यावरून.

उरलेली अर्धी, आधी कोण ह्यावरून. इतकी वर्षं ती वाजवायची आणि तिच्या वाजवण्यावर मी ठिपके ठेवायची. मी तिच्या मागं मागं. शेवटी म्हटलं, पुरे. आता चित्र आधी. मी फिल्म पुरी करते, तू पडद्यासमोर बसायचं आणि चित्र बघत वाजवायचं.

ती म्हणाली, "चित्राला सम नसते, द्रौपदी."

मी म्हटलं, "माझ्या चित्राला असते."

आजही म्हणते.

ही ती फिल्म. पाच-सहा मिनिटांची, पण वर्ष गेलं. डोळ्यांच्या मधोमध डाग आलाय. घाटकोपरचा डॉक्टर म्हणाला, आजी, आता बारीक काम बंद. म्हणजे ह्यापुढं नाही. जे काय माझं उरलंय ते ह्या रिळावर आहे, आणि ह्याची दुसरी प्रत नाही. जी पट्टी मी खरडली तीच मशीनवर चढते, आणि चढते तेव्हा थोडी झिजते.

पूर्ण झाल्यावर राधाला दाखवली. तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीच्या उजेडात पट्टी वीत वीत पुढं सरकवत पाहिली. बोटानं मांडीवर ठोके देत होती. शेवटाकडे तिचं बोट थांबलं. तिथं मी ठिपके ओतलेत, मुठीतले तांदूळ फरशीवर सांडावेत तसे.

"द्रौपदी, हे शेवटचं दोन हातांचं काम नाही गं."

"जमव," मी म्हटलं. "मी दोन हातांनीच काढलंय."

ती हसली. मग ताप आला, मग हॉस्पिटल, मग परत आलीच नाही.

आता त्या आवाजाचं. फिल्मच्या कडेला एक अरुंद पट्टी असते, तिच्यावर आवाज असतो. मशीनमध्ये एक छोटा दिवा त्या पट्टीतून उजेड पाडतो आणि त्या उजेडाचा आवाज होतो. ह्या फिल्मला राधा समोर बसून वाजवणार होती, म्हणून मी ती कड काळीच ठेवली होती. पूर्ण काळी. काळ्यातून उजेड जात नाही, आणि उजेड नाही तर आवाज नाही. ह्यात शंकेला जागा नाही. हे मला झोपेतही कळतं.

अंधेरीच्या फिल्म क्लबनं ही फिल्म मागितली. दाखवणार, आणि संगणकावर उतरवूनही घेणार, म्हणजे पुढं झिजायची भीती नाही. आवाजाचं काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाजवणारी गेली, मुकीच दाखवा. देण्याआधी जोड नीट आहेत का ते एकदा चालवून बघायचं होतं, आणि माझा प्रोजेक्टर राधाच्या ह्या अंधाऱ्या खोलीत पडलेला. चावी एकट्या गंधालीकडे. ती घाटकोपरला राहते, विमा कंपनीत आहे. तिला फोन केला. मंगळवारी अर्धी रजा टाकून आली.

कुलूप अडकलं होतं, दोघींनी दार खांद्यानं लोटलं. बंद घराला डाळीच्या रिकाम्या डब्यासारखा वास येतो, तो आला. वाडगे चौरंगावर पालथे, त्यांवर राधाच्या जुन्या साडीचा तुकडा. गंधालीनंच तसे ठेवलेले. लहानपणी ती आईच्या शेजारी बसून दुसऱ्या काड्यांनी त्याच वाडग्यांवर वाजवायची. दहावीला सोडलं ते सोडलंच. आता त्या कापडाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी कापड लावून खिडकी बंद केली, फिल्म चढवली, दिवा मालवला. गंधाली मागं सोफ्यावर मोबाइल उघडून बसली.

मशीनची घरघर सुरू झाली. भिंतीवर काळं. मग एक पांढरा ठिपका आला.

आणि त्याच क्षणी… टिंग.

"मावशी, मोबाइलवर काही लावलंस का?"

"माझ्या मोबाइलला गाणी येत नाहीत. तुझाच बघ."

"माझा बंद केला मी आत्ता…"

"मग कडेला ओरखडा असेल. बस गप्प."

ओरखड्यानं होतं असं. काळ्यावर चरा पडला की तिथून उजेड झिरपतो आणि मशीन खट् करतं. पण दुसरा ठिपका आला, आणि त्याबरोबर दुसरा सूर. तिसरा. माझे ठिपके भिंतीवर डावीकडून उजवीकडे उड्या मारत होते आणि प्रत्येक उडीवर कुणीतरी अलगद काडी टेकत होतं. ओरखडा खट् करतो हो, तो सुरात वाजत नाही. मग निळी रेघ आली. ती मी मुद्दाम मध्ये वाकवली होती, आणि ती वाकली तसा सूरही वाकला. काडीचं टोक पाण्याला लावून सूर वाकवायचा… हे राधा करायची. आमच्या मुलुंडात तरी दुसरं कुणी करणारं मला ठाऊक नाही.

खोलीत गारवा आला असं मी म्हणणार नाही. उकडतच होतं. पण डाळीच्या डब्याचा वास गेला आणि ओल्या बांबूचा वास यायला लागला. भिजलेल्या काड्यांचा.

मागं गंधालीचा श्वास ऐकू येत होता, भरभर. मग तो थांबला. कारण पुढं दुसराच श्वास ऐकू आला.

शेवटचे ठिपके सुरू होण्याआधी अगदी. लांब, आत ओढलेला, घशात किंचित अडकलेला… आणि मग भिंतीवर तांदूळ सांडले. सुरांचा नुसता सडा व्हायला हवा होता तिथं. पण एक ठिपका वाजायचा, पुढचा मुका. एक वाजायचा, पुढचा मुका. शेवटपर्यंत तसंच, दात पडलेल्या माणसानं बोलावं तसं. फिल्म संपली, टोक चाकावर फट् फट् आपटत राहिलं.

दिवा लावला तर गंधाली सोफ्यावर नव्हती. दाराला पाठ लावून उभी.

"तो श्वास…" ती म्हणाली. "मावशी, हॉस्पिटलमध्ये… शेवटचा…"

"काय शेवटचा?"

"तोच होता. त्यानंतर नाही घेतला तिनं."

मी मशीनकडे वळले. रीळ काढलं, भिंग काढलं, दिव्यावर दुधी काच ठेवली आणि कड तपासली. आवाजाची खूण चित्राच्या वीतभर पुढं असते, म्हणून पुढंमागं हातभर पट्टी पाहिली. माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही म्हणून गंधालीला पाहायला लावली. काळी. टाचणीच्या टोकाएवढाही उजेड नाही. मग मी मशीनमधला आवाजाचा तो छोटा दिवाच काढला. सांगते ना, काढून पदरात बांधला. आणि फिल्म पुन्हा चढवली.

"मावशी, नको."

"मला कळायला हवं."

पुन्हा वाजलं. आणि ह्या वेळी वेगळं वाजलं.

हे नीट समजून घ्या. फिल्मवर जे एकदा असतं तेच असतं, हजारदा चालवा. पण पहिल्या वेळी निळ्या रेघेच्या वळणावर सूर किंचित मागाहून आला होता, ह्या वेळी बरोबर वळणावर आला. नारिंगी लाटांच्या जागी पहिल्यांदा ती साधं वाजवून गेली होती, ह्या वेळी तिनं प्रत्येक लाटेला एक हलकी थाप जोडली. माझ्या डोक्यातही नव्हतं असं काही. ते ऐकल्यावर मला कळलं की त्या लाटा मी का काढल्या होत्या.

भीती वाटली का? वाटली.  पण त्याखाली आणखी काहीतरी होतं, आणि ते सांगायला मी लाजत नाही. राधा तालीम करत होती. मेलेलं माणूस सुधारतं का? माझी समजूत अशी होती की मेलं की जे आहे तिथंच सगळं संपतं. इथं तर ही सुधारत होती.

आणि वाजवत होती माझ्या चित्रामागून.

शेवटाकडे पुन्हा तो श्वास. पुन्हा एक वाजतं, एक मुकं. गंधालीनं कान झाकून घेतले होते. मी मशीन बंद केली, तिला खाली नेलं, चहा पाजला. निघताना वाडग्यांवरच्या साडीच्या तुकड्याला हात लागला. काठ ओला होता. ते मी तिला सांगितलं नाही.

शुक्रवारी तिनंच फोन केला. म्हणाली, क्लबचा माणूस चारला रीळ न्यायला येतोय ना, त्याआधी मी येते. आली, तर पर्समध्ये नवं ब्लेड. जिन्यातच सांगितलं, "श्वासापासून पुढचं सगळं काढायचं. मग हवं तिथं दाखव." वर जाऊन कुलूप उघडलं. मी दिव्याचं बटण दाबलं.

वाडगे सुलटे होते. मांडलेले. भरलेले. साडीचा तुकडा घडी करून बाजूला, त्यावर काड्या. दोन जोड्या.

"तू केलंस," गंधाली म्हणाली.

"चावी कुणाकडे आहे?"

"आईनं तुला एक दिली असेल."

"तुझ्या आईनं मला तिच्या घराची चावी कधी दिली नाही. मी येऊन पंखा लावीन म्हणून."

तिला हसू येत होतं, ते तिनं दाबलं. स्वयंपाकघरात जाऊन तिनं नळ फिरवला. कोरडा. पाण्याचा कॉक सोसायटीनंच कधीचा बंद केलेला. मी वाकून एका वाडग्याला नखानं टिचकी मारली. मी काही गाणारी नाही, पण इतकी वर्षं शेजारी बसलेय. सूर होता तिथंच होता. पळीभर इकडे नाही, पळीभर तिकडे नाही.

मग गंधालीनं डबा उचलून काखेत धरला आणि आमचं जुंपलं. सुरुवातीला सांगितलं ते हे.

"ऐक," मी म्हटलं. "ती मरत नाहीये तिथं. अडकलीय. मी ठिपके दाट काढलेत, तिचे हात पुरत नाहीत. म्हणून एक सोडून एक वाजवतेय. तिला वेळ दे, जमवेल ती. श्वास काय, कठीण जागेआधी सगळेच घेतात."

"तू नव्हतीस हॉस्पिटलमध्ये."

"नव्हते."

"मी होते. माझा हात तिच्या हातात होता. मला माहितीये तो श्वास कसला होता." तिचा आवाज खाली आला. "तू म्हणतेस अडकलीय. बरं, अडकलीय. मग सांग, कुणामुळे अडकलीय? हे ठिपके आहेत तोवर ती इथं बसून राहणार ना… न जमणारं पुन्हा पुन्हा वाजवत? आणि तू ते संगणकावर घालणार. म्हणजे कायमचं. तुला तुझी फिल्म हवीय, मावशी. आईचा विचार केलायस?"

मी फटकन बोलते, सगळी सोसायटी जाणते. वॉचमन मला बघून खुर्चीवरून उठतो. पण त्या पोरीनं विचारलं ते बरोबर होतं. मला तालीम ऐकू आली होती, कारण मला ती ऐकायची होती. वाजवणारी मेल्यावरसुद्धा माझ्या चित्राला बसते म्हटल्यावर मी फुलले होते. पण ती तिथं अडकली असेल तर? न संपणाऱ्या खोलीत, न येणाऱ्या तुकड्यापुढं?

वर्षभराचं काम. डोळे होते तेव्हाचं शेवटचं. पुन्हा काढता येणार नाही.

"आण," मी म्हटलं.

"काय?"

"डबा आण. आणि ते ब्लेड."

गंधाली माझ्याकडे बघतच राहिली. तिनं मला कधी माघार घेताना पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं. ती म्हणाली, "नको, मावशी. मी उगाच…"

"उगाच नाही. बोललीस ते खरं आहे. धर पट्टी दिव्याखाली. मला मधलं दिसत नाही, तू जागा दाखव."

तिनं डबा उघडला. रीळ उलगडलं, शेवटापासून मागं मागं. दिव्याच्या उजेडात ते सांडलेले ठिपके तिच्या बोटांवर पडत होते. "इथं," ती म्हणाली. "इथून सुरू होतं."  मी जोडायच्या यंत्रात पट्टी बसवली, दाबली. ब्लेडचा कागद काढला. प्रोजेक्टर पलीकडे टेबलावर होता, त्याची वायर जमिनीवर लोळत होती, पिन सॉकेटबाहेर. आवाजाचा दिवा मंगळवारपासून माझ्याच घरी.

मी ब्लेड टेकवलं.

आणि श्वास आला.

स्पीकरमधून नाही. चौरंगापलीकडून, जमिनीपासून बसलेल्या माणसाच्या उंचीवरून. लांब, आत ओढलेला, घशात किंचित अडकलेला. गंधालीनं माझं मनगट पकडलं. आम्ही दोघींनी एकदमच वाडग्यांकडे पाहिलं.

पलीकडच्या टोकाच्या वाडग्यातलं पाणी थरारलं, वर्तुळ उठलं, सूर वाजला. मग अलीकडच्या टोकाचा नुसता थरारला. वाजला नाही. पलीकडचा दुसरा वाजला. अलीकडचा दुसरा पुन्हा नुसता थरारला, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. काड्या घडीवर तशाच पडून होत्या, दोन्ही जोड्या. कुणाच्याही हातात काही नव्हतं, आणि सूर मात्र धावत होते, वेगात, स्वच्छ, कुठंही न अडखळता. अडकलेलं माणूस असं वाजवत नाही. एवढं मला कळलं. एक वाजतो, एक मोकळा. एक वाजतो, एक मोकळा. सगळे मोकळे एकाच बाजूचे होते. जिकडे आम्ही उभ्या होतो, त्या बाजूचे.

"आई…" गंधाली म्हणाली. माझ्या मनगटावरची तिची पकड सैल झाली.

वाजणं थांबलं नाही. त्या वाजण्यातूनच, शाळेतल्या मुलींना दटावायची त्या सुरात, अगदी रोजच्यासारखी राधा म्हणाली,

"गंधू, तुझे ठोके मोकळे चाललेत. बस लवकर, पाणी आटतंय."